पायाळूची लाथ

मी आईच्या पोटातून पायांनी बाहेर आले. डोकं मागाहून आलं, आणि आई म्हणायची, "तुझं अजूनबी तसंच हाय गं. आधी पाय उचलतेस, डोकं मागनं येतं." अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळू असण्यात केवढी मजा असते आणि केवढा वैताग, ते पायाळूलाच ठाऊक.

मजा अशी, की पायाळूच्या पायात औषध असतं. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, की त्याने पालथं पडायचं आणि पायाळूने दुखऱ्या जागी डाव्या पायाची लाथ घालायची. उसण पळालीच म्हणून समजा. आमचं घर भिसेगावात, कर्जतचं स्टेशन हाकेच्या अंतरावर, आणि भोवती जिकडे बघाल तिकडे भातशेती. लावणीचे दिवस म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलात वाकून रोपं खोचायची. मग वाकलेल्या माणसांना काय तोटा! मी तोंड धुवायच्या आत ओटीवर कुणीतरी पालथं पडलेलं असायचंच. आई चुलीपासून ओरडायची, "अगं, भाकरी ऱ्हाऊ दे, आधी मामाला लाथ घाल!" गावातल्या सगळ्या पाठी मला तोंडपाठ होत्या. दुसऱ्या कुठल्या पोरीला पाटलाच्या कमरेत लाथ घालायला मिळते सांगा! मला मिळायची, आणि पाटील वर म्हणायचा, "जरा वरच्या अंगाला घाल गं बाय."

उसण खरंच जायची का? अहो, वाकून आलेली माणसं ताठ होऊन गेलेली मी बघितलीत. का गेली, कशी गेली, ते देव जाणे. मी लाथ मारायची, एवढं माझं काम.

आणि वैताग असा, की पायाळूवर वीज पडते. निदान लोक तरी तसं म्हणतात. लहानपणी आम्ही पोरी सागरगोटे खेळत बसलो, आणि आभाळात नुसतं गुरगुरलं, की एका क्षणात सगळ्या पसार. मी आणि सागरगोटे तेवढे मागे. लावणीच्या वेळी बाया मला बांधाच्या पार पलीकडच्या टोकाला उभी करायच्या. "तू तिकडं लाव गं, तुझा हात चांगला हाय," असं गोड बोलून. ढग आले की शेजारीण आपल्या ओटीवरून मला उठवायची, "जा गं बाय, तुझी आय हाका मारती." माझी आय कुठली हाका मारतेय! तीसुद्धा गडगडलं की मला माजघरात कोंडायची आणि सगळी लोखंडी भांडी माझ्यापासून लांब नेऊन ठेवायची. मला राग यायचा. सकाळी माझी लाथ हवी, आणि दुपारी ढग आले की मी नको, ही कुठली रीत?

पण खरा राग आला तो कडावच्या स्थळाचा. मुलाचा बाप चांगला खातापिता शेतकरी. मला बघायला म्हणून आला तो कंबर धरूनच. बैलगाडीतून उतरताना उसण भरली म्हणाला. मी आनंदाने लाथ घातली. म्हातारा टुणकन उठला, आमच्याकडचं वालाचं बिरडं भाकरीशी चापून खाल्लं, पानसुपारी घेतली, आणि निघताना माझ्या बाला म्हणाला, "पोर गुणाची हाय, पर पायाळू हाय. इजेचं घोंगडं गळ्यात कोण घेईल?" मेल्या, मग लाथ कशाला घेतलीस! असं मी म्हटलं नाही. तोंडात आलं होतं ते आईने डोळे वटारून परत पाठवलं.

तोवर माझ्याबरोबरच्या पोरींच्या कडेवर पोरं आली होती आणि मी घोडनवरी होऊन ओटीवर लाथा मारत बसले होते. माझ्या मागची बहीण लग्नाची झाली, पण थोरली उजवल्याशिवाय धाकटीला कसं उजवणार? बा रात्री जेवताना माझ्याकडे बघायचा नाही. मला खूप वाईट वाटायचं. माझे पाय सगळ्यांना हवे होते, मी कुणालाच नको होते.

तेव्हा लोधिवलीचं स्थळ आलं. लोधिवली चौकच्या बाजूला, तिकडे आमची सोयरीक कुणाशी नाही, म्हणजे मी पायाळू आहे हे तिथे कुणाला माहीत असायचं कारण नाही. आईने ठरवून टाकलं, की सांगायचं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. बा कुरकुरला, "आन मागनं कळलं तर?" "मागनं कळलं तर कळलं. मागनं नातवंडं हुतील, मग कोण इचारतंय!"

पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी आई सगळ्या आळीत घरोघर फिरली. प्रत्येक दारात उभी राहून तिने बजावलं, "उद्याच्याला कुणी वाकू नका. जड उचलू नका. शिंक आली तर खांबाला धरून शिंका. उद्या माझ्या ओटीवर कुणी पालथं पडता कामा नये." शेजारच्या काकाने विचारलं, "आन भरलीच उसण, तर?" आई म्हणाली, "तर परवापातूर वाकूनच ऱ्हावा!"

सगळं गाव कबूल झालं. हसलं, पण कबूल झालं. आईच्या हिशेबात गाव म्हणजे भिसेगाव. स्टेशन तिच्या ध्यानातच आलं नाही.

माघाचे दिवस होते. आभाळ असं निरभ्र की आईने सकाळी उठून त्यालाच हात जोडले. लोधिवलीचे पाव्हणे उन्हं चढायच्या आत आले. माणसं पाच-सहा होती, पण बोलणारी दोघंच: मुलाचा बाप, मोठ्या झुबकेदार मिशांचा, आणि मुलाची आई, किरकोळ अंगाची, तोंडाने कमी पण डोळ्यांनी सगळं टिपणारी. मुलगी बघायला बायका सहसा येत नसत. ही आलीच. मला ती बघताक्षणी आवडली, का ते सांगता येणार नाही. गूळ-पाणी देताना तिने माझ्या हातातला तांब्या नुसता घेतला नाही, तर "बस गं जरा, दमली असशील" म्हणाली. असं मला कोणी म्हणत नसे. तिथेच मी मनात म्हटलं, देवा, ह्या घरात मला जाऊ दे.

मग बघणं सुरू झालं. सुईत दोरा ओवून झाला. तांदूळ निवडून झाले. मिशीवाल्या पाव्हण्यांनी विचारलं, "भाकरी थापती का?" आई म्हणाली, "हातावर थापती, चंद्रावानी." मी माझ्या भाकऱ्या आठवून खाली बघितलं. मग पाव्हणे म्हणाले, "पोरीला चालून दावू द्या. पाय बघू."

बाच्या घशात सुपारी अडकली. पायच बघायचे होते त्यांना! तसं त्यात नवल काही नव्हतं. नवरीचे पाय बघायचीच रीत. सपाट नकोत, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब नको, लांब असलं तर बाई नवऱ्यावर हुकूम चालवते. आणि एकदा कुणी पोरीला पांढऱ्या पायाची म्हटलं की संपलं. मी शेजारणीचे मागून आणलेले वाळे घालून ओटीवर इकडून तिकडे चालले. आई खांबाला धरून उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. मुलाच्या आईने खाली बसून माझी पावलं निरखली. मिशीवाले म्हणाले, "वा! पाय म्हंजे लक्षुमीचं हायत. ह्या पायांनी घरात भरभराटच यायची."

मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला, तर लोकांना वाटलं पोर लाजली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बा खोकून खोकून लाल झाला होता, तोही हसला. जमलं, जमलं, असं माझ्या छातीत धडधडत होतं.

इतक्यात गल्लीच्या टोकाला कुत्री भुंकायला लागली. पोरांचा गलका झाला. बघते तर स्टेशनावरची सामान वाहायची हातगाडी आमच्या दिशेने येतेय, दोन हमाल ढकलतायत, आणि गाडीवर पोत्यासारखा पालथा पडलाय एक गोरा साहेब! टोपी हमालाच्या डोक्यावर. साहेबाची तांबडी दाढी फळीवर घासतेय. आणि पुढे पांढरा डगला सावरत, घामाघूम, स्टेशनाबाहेर सोडावॉटरचं दुकान चालवणारे पारशी बावाजी. त्यांनी लांबूनच हाळी दिली, "अरे बाय! ती लात मारनारी पोरगी कुठे हाय?"

आळीतल्या सगळ्या बाया दारात आल्या होत्या. कालच त्यांनी शपथा घेतल्या होत्या, आणि सांगते, एकीनेही तोंड उघडलं नाही. फक्त सगळ्यांनी बोटं केली, आमच्या ओटीकडे.

आई पुढे धावली. "हितं कोनी नाय! हितं काय नाय! फुडच्या गावात जा!"

"अरे, फुडच्या गावात कशाला? हमाल बोलते हिथेच हाय," बावाजी म्हणाले. "साहेब घाटाचा इंजिनचा डायवर. कोळशाचा फावडा उचलला, आणि कंबर बंध! आता ना उभा राहते, ना बसते. लवकर बोलव पोरगीला."

मिशीवाल्यांनी विचारलं, "काय म्हंतायत हे? कोण लाथ मारती?"

आणि माझी आई, जन्मात कधी खोटं न बोललेली, एका दमात म्हणाली, "गाय! आमची गाय लाथाळ हाय. तिच्याबद्दल इचारतायत."

"सायबाला लाथाळ गाय कशाला पायजे?"

"त्यांच्यात घेत असतील!"

हातगाडीवरून साहेब कण्हला. म्हातारा होता बिचारा. पालथ्या तोंडाने मान जेमतेम वर करून त्याने आमच्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेब म्हटला की आम्ही वाट सोडून उभे राहायचो, आणि हा साहेब रडत होता. माझं डोकं मागाहून येतं, ते त्या दिवशीही मागाहूनच आलं. मी पाटावरून उठले आणि म्हणाले, "गाय नाय. मीच ती. मी पायाळू हाय."

आईने कपाळावर हात मारून घेतला. मिशीवाल्यांच्या मिशा दोन्हीकडून खाली आल्यासारख्या दिसल्या. काय करू? लपवाछपवीचा मला तिटकारा आलाच होता, आणि आईची गाय व्हायची माझी अजिबात तयारी नव्हती.

"अगं पर सायबाला लाथ?" बा घाबरून म्हणाला. "काळ्या पाण्यावर धाडतील आपल्याला सगळ्यांना!"

"साहेब सोताच लात मांगते," बावाजी म्हणाले. "सकाळपासून तेच बोलते. त्याच्या मुलखात पण असाच हाय. विलायतेच्या पार वरच्या टोकाला त्याचा गाव, नुसता बरफ आणि मेंढी. त्याची आजी बोलायची, पायाने पैदा झालेला मानूस पाठीवर चालला तर कंबर सुटते. हमालाने सांगितला तुमच्या पोरगीचा, तर साहेब एकदम खूश!"

काय सांगू तुम्हाला! मला वाटत होतं हे पायाळूचं खूळ आमच्या भिसेगावचं. फार तर कर्जत-खालापूरचं. आणि तिकडे बर्फात कुठल्या तरी म्हातारीने हेच सांगून ठेवलेलं! तिकडची पायाळू पोर बर्फात उभी राहून मेंढपाळांच्या पाठी तुडवत असेल, असं डोळ्यांपुढे आलं आणि मला तिची मायाच आली.

हमालांनी साहेबाला उतरवून आमच्या ओटीवर पालथा घातला. मघाशी ज्या घोंगडीवर पाव्हणे सुपारी कातरत होते, तिच्यावरच. मी वाळे काढले, पदर खोचला, आणि बेताने पाय टेकवला. साहेब काहीतरी म्हणाला.

"जोरात मांगते," बावाजी म्हणाले.

मी जरा जोर लावला.

"अजून जोरात. बोलते, आजीच्या गावात असा पोचा, नरम लात कोणी मारत नाय."

पोचा? मला पोचा? मग मला कडावचा म्हातारा आठवला, त्याने चापून खाल्लेलं बिरडं आठवलं, ढग आल्यावर पळणाऱ्या मैत्रिणी आठवल्या, आणि मी अशी एक लाथ घातली, की खाट्कन आवाज झाला. आळीतल्या बायांनी एकदम "आई गं!" केलं. बा डोळे मिटून देवाचं नाव घेत होता.

साहेब हलेना. मेला की काय, असं एक क्षण माझ्याही मनात आलं. मग त्याने एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, खांबाला धरून उठला, आणि उठतच गेला! केवढा उंच होता मेला! वाकलेला होता तेव्हा कळलं नव्हतं. डोकं वाशाला लागलं. तो हसला, दोन्ही हात वर करून ओटीवर गोल फिरला, आणि माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "थँक्यू! थँक्यू!"

"तोंड धरा त्याचं!" आई किंचाळली. कारण उसण गेल्यावर पायाळूचे आभार मानायचे नसतात, बरं वाटलं असंही म्हणायचं नसतं. म्हटलं की गेलेली उसण आल्या पावली परत येते. बावाजींनी टाच उंचावून साहेबाच्या दाढीवर हात दाबला. साहेबाला कारण कळलं, तसा तो घाबरून आमच्या लाकडी खांबावर बोटांनी टकटक करायला लागला. आता हे काय? बावाजी म्हणाले, "चांगला बोलून गेला ना, म्हनून. त्यांच्यात लाकडाला हात लावते, नाय तर नजर लागते." आईला हे इतकं पटलं की तिनेही पुढे होऊन खांबावर टकटक केलं, आणि मग आपल्या पद्धतीने मीठ-मोहऱ्या आणून साहेबावरून ओवाळून टाकल्या. मीठ बघून साहेब पुन्हा खूश! त्याची आजीही म्हणे मीठ खांद्यावरून मागे फेकायची. दोघांची अशी गट्टी जमली, की भाषा कळत असती तर आईने त्याला जेवायलाच बसवलं असतं.

पण मिशीवाले पाव्हणे हसत नव्हते. ते म्हणाले, "हे सगळं ठीक हाय. पर पायाळूवर ईज पडती, त्याचं काय? बावाजी, इचारा सायबाला, त्यांच्यात पडती का?"

बावाजींनी विचारलं. साहेबाने ऐकलं, आणि पोट धरून हसला. त्याचं उत्तर बावाजींनी सांगितलं, "बोलते, वीज कशी पडेल? वीजला काय माहीत, कोन कसा पैदा झाला? असा वेडा गोष्ट त्याने कधी ऐकला नाय." मग साहेब गंभीर झाला, आणि खालच्या आवाजात आणखी काही म्हणाला. "बोलते, त्यांच्याकडे पायाळू मानूस फासावर जाते. ते खरा हाय. त्याची आजी बोलायची."

हे ऐकून आमची अख्खी आळी हसली! बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. "फासावर! अगं बया! जल्माचा आन फासाचा काय संबंध? येडं हाय का खुळं?" मिशीवालेसुद्धा हसले, मिशी थरथरेपर्यंत. साहेब बिचारा गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. त्याला खरोखर माझी काळजी वाटत होती. मलाही इतकं हसू आलं की उभं राहवेना. बघा ना, त्याला वीज खुळी वाटत होती आणि आम्हाला फास! आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

बावाजी वैतागले. "तुमी दोघा पन वेडा. वीज नाय, फास नाय. एक अंडा घ्या, पोरगीवरून ओवाळा, आणि जमिनीवर फोडा. सगळा पीडा खलास. आमी लग्नात असाच करते." मग साहेब आणि आम्ही मिळून बावाजींना हसलो. अंडं! चांगलं खायचं अंडं जमिनीवर! बावाजी फुरंगटून म्हणाले, "हसा, हसा," आणि साहेबाला घेऊन निघाले. जाताना साहेब चालत गेला. हमाल मोकळी हातगाडी ढकलत मागून, आणि गावातली सगळी पोरं त्या हातगाडीवर.

आळी पांगली. हसणं ओसरलं. ओटीवर आम्ही आणि पाव्हणे तेवढे उरलो, आणि मग सगळ्यांना आठवलं की आपण कशाला जमलो होतो.

मिशीवाले घोंगडीवरून उठले. माणूस वाईट नव्हता. बाला म्हणाले, "पोर धीराची हाय. लबाड नाय. तुमी लपवलंत, तिनं सांगितलं. पर आमचं घर माळावर हाय, एकटं, बाजूला दोन ताड. मागल्या साली एका ताडावर पडली ईज. हसायला बरं वाटतं हो. आभाळात गडगडल्यावर कोण हसतंय?" पाव्हण्यांनी पायताण घातलं, गाडीवानाला हाक दिली, आणि त्यांची माणसं एकेक करून गाडीत चढायला लागली.

मी माजघरात पळाले. रडायला आलं, तर रडले. हसून हसून दुखणारं पोट आणि वर रडू, दोन्ही एकदम. साहेब ताठ होऊन गेला आणि माझं मोडलं. त्या उलट्या जन्माचा, बर्फातल्या आजीचा, सगळ्यांचा राग आला. तांब्या घेताना "दमली असशील" म्हणाली होती ती बाई आता गाडीत बसून जाईल, आणि उद्या सकाळी पुन्हा आमच्या ओटीवर कुणीतरी पालथं पडलेलं असेल, ह्या विचाराने मला भडभडून आलं.

दारात सावली पडली. बघते तर तीच, मुलाची आई. मला वाटलं काही विसरली असेल. तिने मागे वळून बाहेर बघितलं, माजघराचं दार लोटलं, आणि एक शब्द न बोलता माझ्यासमोर सारवलेल्या जमिनीवर हळूहळू, आधी एक हात टेकत, मग दुसरा, पालथी पडली.

"मार," ती म्हणाली.

मी डोळे पुसले. "अवो, तुमी वडीलधाऱ्या. तुमाला पाय कसा लावू?"

"सायबाला लावलास ना? त्याची तेवढी पाठ, आन माझी काय फळी हाय?" जमिनीत तोंड घालूनच ती बोलत होती. "लगीन होऊन आले त्या साली लावणीत भरली हुती. त्यावर पोरं झाली, त्यावर डोक्यावरनं पाणी व्हायलं, दर साली पुन्हा लावणी. पाठ टेकून झोपले नाय मी कधीची. कुणाला सांगणार? बायामाणसाची पाठ दुखायचीच म्हंतात. मार गं. ईज पडायची तवा पडंल."

मी तिच्या कमरेवर पाय ठेवला. कधी कुणाला मारली नव्हती अशी लाथ मी तिला मारली. लाथ कसली, टाच टेकवून जीव लावून दाबलं. नुसती हाडं लागत होती पायाला. एवढीशी पाठ, आणि दगडासारखी आवळलेली. मी हलवत राहिले, दाबत राहिले, आणि ती जमिनीवर हळूहळू सैल होत गेली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं दुखलं, म्हणून पाय उचलू लागले, तर तिने हात मागे करून माझा घोटा घट्ट धरला. ती रडत होती की हसत होती मला कळेना, आणि तिलाही कळत नसावं.

बाहेरून मिशीवाल्यांची हाक आली, "अगं, कुठं गेलीस? चल गं, बैलं खोळंबलीत!"

तिने मान वर केली नाही, माझा पायही सोडला नाही. तिथूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात तिने उत्तर दिलं.

"खोळंबू द्या! सुनेनं पाय ठेवलाय पाठीवर, आता कशी उठू?"